कांतीची डबी

या सदरात आम्ही आजवर शुद्धलेखनापासून श्रावणातल्या उपवासांपर्यंत पुष्कळ विषयांवर लेखणी चालविली. परंतु तोंडास लावावयाच्या तेलावर लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर येईल, असे कोणी भाकीत केले असते तर आम्ही त्या ज्योतिषास हसलो असतो. तथापि तो प्रसंग आला आहे आणि त्यात आम्हांस हसण्यासारखे फारसे उरलेले नाही. म्हणून हकीगत क्रमाने सांगतो.

गेल्या भाद्रपदात आमच्या कुटुंबास साठ वर्षे पूर्ण झाली. आमची कन्या पुण्यास नोकरी करते. तिने त्या निमित्ताने आईसाठी एक पेटी धाडली. पेटी इतकी सुबक की, प्रथम आम्हांस तीत चांदीची भांडी असावीत असा भास झाला. आत मऊ कागदात गुंडाळलेल्या चार वस्तू निघाल्या : तोंड धुण्याचे चूर्ण, गुलाबजल, तोंडास लावण्याचा एक मलम आणि एका इवल्याशा बाटलीत कुंकुमादि तेल. कंपनीचे नाव आम्ही येथे घेत नाही. आमचे भांडण कोणा एका दुकानदाराशी नाही. किमतीची चिठ्ठी मात्र काढून टाकावयाची राहून गेली होती. नऊ हजार चारशे रुपये! नोकरीच्या पहिल्या संबंध वर्षात आमच्या हाती एवढी रक्कम पडली नव्हती.

कुटुंबाने पेटी पाहिली, हुंगली आणि कपाटात ठेवून दिली. म्हणाली, "अहो, एवढे महागाचे तोंडाला लावायला का कुणी लग्नाला निघाले आहे?" आम्ही म्हणालो, "अगं, तेल जुने झाले की खवट होते. लेकीने प्रेमाने पाठविलेली वस्तू कपाटात नासविण्यापेक्षा तिची परीक्षा तरी घेऊ." चाळीस वर्षे पोरांच्या परीक्षा घेण्यात गेली असल्यामुळे हा शब्द आमच्या तोंडून सहज निघतो. ठरले ते असे. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत, म्हणजे सुमारे महिनाभर, कुटुंबाने पेटीतील द्रव्ये वापरावीत आणि आम्ही घरचे उटणे वापरावे. कुंकुमादि तेल मात्र दोघांनीही लावून पाहावे, कारण त्याचे नाव आम्हांस ग्रंथांतून परिचित होते.

उटण्याचे सामान आम्ही स्वतः डाळमंडईकडे जाऊन आणले. आमच्या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, परंतु तेथील काष्ठौषधींच्या दुकानांचा वास आमच्या लहानपणी होता तोच आहे. नागरमोथा, गव्हला, कचोरा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची वाळलेली साल आणि घरचे मसुरीचे पीठ. सगळे मिळून दीडशे रुपयांच्या आत आटोपले.

आता पेटीतील द्रव्यांविषयी. वेष्टणावर शास्त्राचा हवाला पुष्कळ होता, म्हणून आम्ही शास्त्रच उघडले. कुंकुमादि तेल वाग्भटाच्या अष्टांगहृदयात उत्तरस्थानी सांगितले आहे. केशर, वाळा, चंदन, मंजिष्ठा, ज्येष्ठमध, लाख, कमळाचे केसर वगैरे द्रव्ये आणि शेळीचे दूध घालून तिळाचे तेल सिद्ध करावयाचे, अशी त्याची कृती आहे. म्हणजे कंपनीने नाव पदरचे घातलेले नाही. फलश्रुती भरघोस असते हेही खरे, पण तो दोष जुन्या ग्रंथकारांसही लावता येईल.

त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात मुखलेपाचे विवेचन आहे, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटले. सहा ऋतूंस सहा निरनिराळे लेप. लेपाची जाडी किती असावी, तेही अंगुळाच्या चतुर्थांश, तृतीयांश आणि अर्ध्या मापाने सांगितलेले. लेप ओला आहे तोवरच ठेवावा, वाळलेला लेप कांती बिघडवतो. काढताना तो आधी भिजवावा आणि मग तेल लावावे. आणि लेप लावला असता दिवसा झोपणे, बोलणे, विस्तवाजवळ बसणे, ऊन, शोक आणि क्रोध ही वर्ज्य करावीत. हा शेवटचा नियम वाचताना आम्हांस मौज वाटली. तोंडाच्या लेपात शोकाचा काय संबंध, असे आम्ही कुटुंबास विचारलेही. त्याचे उत्तर पुढे मिळाले.

मलमाच्या डबीवरील बारीक अक्षरे आम्ही भिंग घेऊन वाचली. गृहिणींस उपयोगी म्हणून एक गोष्ट येथे नमूद करतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे घटकांची यादी उतरत्या प्रमाणाने द्यावी लागते. शेकडा एकाहून अधिक असलेली द्रव्ये प्रथम, ज्याचे प्रमाण सर्वांत अधिक ते सर्वांआधी, आणि एक टक्का व त्याहून कमी असलेली मागाहून हव्या त्या क्रमाने. डबीच्या झाकणावर केशराचे चित्र होते. यादीत मात्र पहिले नाव पाण्याचे, मग ग्लिसरीन, मग वनस्पतींची तेले. केशर शेपटाकडे, टिकविण्याच्या द्रव्यांच्या शेजारी बसलेले आढळले. यात लबाडी आहे असे आम्ही म्हणत नाही. पाणी व वनस्पतींचा अर्क एकत्र आले की, त्यांत बुरशी व जंतू वाढतात, म्हणून टिकविण्याचे द्रव्य घालणे भागच असते. आपले उटणे कोरडे असते आणि तेलात पाणी नसते, म्हणून ती पुष्कळ दिवस राहतात. भिजविलेले उटणे दुसऱ्या दिवशी आंबते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. चित्र पाहून पैसे द्यावयाचे की यादी पाहून, एवढाच काय तो प्रश्न आहे.

हळदीचंदनाची डबी विकण्याचा उद्योग आपल्याकडे नवीनही नाही. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ साली मुंबईस परळ येथे विको कंपनी काढली. तिच्या हळदीच्या मलमास प्रसाधन म्हणावे की आयुर्वेदीय औषध, हा अबकारी कराचा वाद वर्षानुवर्षे चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ते औषधच ठरले. म्हणजे तोंडास लावतो ती औषधी की शोभा, हे ठरविताना न्यायमूर्तींनाही विचार करावा लागला. मग तुमच्याआमच्या मनात घोटाळा झाला तर नवल नाही.

परीक्षेचा निकाल असा. कुटुंबाच्या गालांची व हातांची त्वचा मऊ झाली. भांडी घासून हातांस ज्या भेगा पडत, त्या बुजल्या. शिवाय रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे ती स्वतःकरिता बसू लागली. ही पाच मिनिटे तिला लग्नानंतर प्रथमच मिळाली असावीत, असे आम्हांस लज्जेने म्हणावे लागते. उटण्याने आमचीही त्वचा मऊ झाली, विशेष अंतर दिसले नाही. कुंकुमादि तेलाने मात्र तिसऱ्याच दिवशी आमच्या गळ्यावर पुरळ उठले. सावेडीतील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, "मास्तर, सुगंधी तेले कित्येकांस सोसत नाहीत. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडीशी लावून दोन दिवस वाट पाहावी." आम्ही म्हणालो, "पण हे तर नैसर्गिक आहे!" ते हसले व म्हणाले, "बिब्बाही नैसर्गिकच आहे." बिब्ब्याचे तेल अंगास लागून फोड आलेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्यास या उत्तरावर बोलण्यासारखे काही राहत नाही.

येथवर आमचा लेख खेळीमेळीने चालला होता आणि तो येथेच संपला असता. परंतु भाऊबीजेस आमची अक्का आली.

अक्का आमच्याहून आठ वर्षांनी वडील. पंचाहत्तरी झाली. अकोले तालुक्यातील डोंगराळ गावांत तिने प्राथमिक शिक्षिका म्हणून बत्तीस वर्षे काढली. तिचे लग्न झाले नाही. ओवाळणी झाल्यावर ती माजघरात बसली होती. कुटुंबाने कौतुकाने पेटी दाखविली. अक्काने चष्मा लावून डबीवरील इंग्रजी अक्षरे वाचली. 'ब्राइटनिंग' या शब्दावर तिचे बोट थांबले. म्हणाली, "म्हणजे उजळ करणारे. अजून हेच चालले आहे का गं?" मग तिने डबी मिटून बाजूस ठेवली आणि बराच वेळ काही बोलली नाही.

कुटुंबाने विचारले, "वन्सं, काय झाले?" तेव्हा अक्का आमच्याकडे पाहून म्हणाली, "बाळू, तुला लिंबे आठवतात?"

वाचकहो, आम्हांस आठवत होती. १९७२ सालचा उन्हाळा. आम्ही तेव्हा नेवाशास राहत होतो. आदल्या पावसाने दगा दिला होता, पुढच्याने तर दुष्काळच आणला. अक्का बावीस वर्षांची. मॅट्रिक झालेली, अक्षर मोत्यासारखे, गळा गोड, पण वर्णाने सावळी. नऊ ठिकाणांहून नकार आला होता. प्रत्येक वेळी पाहुणे पोह्यांच्या बशा रिकाम्या करून जात आणि आठवड्याने पत्रिका जमत नाही असे कार्ड येई. दहाव्या स्थळाच्या आधी कोणा शेजारणीने मातोश्रींस सांगितले की, मसुरीच्या पिठात लिंबू पिळून लेप द्यावा व उन्हात बसवावे, म्हणजे रंग निघतो. श्रीगोंद्याकडची लिंबे बाजारात येत. ती आणण्याचे काम चौदा वर्षांच्या आमच्याकडे होते. रोज चार लिंबे. आम्ही ती उड्या मारीत आणीत असू, आणि अक्काच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडास हसतही असू.

अक्का अंगणात पाटावर बसे. लेप वाळून कातडी ओढली जाई. वाळलेलाच लेप मातोश्री खसाखसा चोळून काढीत. सहाव्या दिवशी गालांवर भाजल्यासारखे फोड आले आणि पुढे त्यांचे काळे डाग पडले. लिंबाच्या रसातील काही द्रव्ये उन्हाच्या संयोगाने त्वचेस पोळतात, हे वैद्यकास आज ठाऊक आहे. आमच्या मातोश्रींस ठाऊक नव्हते. त्या दुष्ट नव्हत्या. रात्री त्याच तिच्या गालांवर तूप लावीत आणि रडत. दहावे स्थळ आलेच नाही. डाग पुढे दोन-तीन वर्षांनी फिकट झाले, परंतु तोवर अक्काने शिक्षिकेची नोकरी धरली होती आणि यापुढे मला कोणास दाखवू नका असे तीर्थरूपांस बजावून सांगितले होते.

"लेपाने भाजले त्याचे मला काही नाही," अक्का म्हणाली. "पण तो तोंडावर असताना मी रोज रडत असे, आणि आई म्हणे, रडू नकोस, लेप ओघळतो."

आम्हांस वाग्भटाचा तो नियम आठवला. लेप असता शोक वर्ज्य, ऊन वर्ज्य, लेप वाळू देऊ नये. ज्या मुलीच्या मनास स्वस्थता नाही तिच्या तोंडास लेप लावूच नये, असा त्याचा सरळ अर्थ आम्ही आता करतो. मग भर उन्हात बसवून कातडीचा रंग सोलून काढण्याची गोष्ट तर दूरच राहिली. आमच्या घरी शास्त्रातील एकूण एक नियम मोडले गेले होते आणि ते सर्व परंपरेच्या नावाने.

अक्काचे बोलणे संपले नव्हते. "आणि तुझ्या मुलाच्या वेळची जाहिरात मी वाचली होती, बाळू," ती म्हणाली. "गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष. अक्षर छापील होते, पण मजकूर तुझा आहे हे मी ओळखले." ही गोष्ट सन २०१२ ची. वधू-वर सूचक पानावर सर्व मंडळी जसे लिहीत तसेच आम्ही लिहिले. लिहिताना लिंबांची आठवण झाली नाही. योग असा की, आलेली सून गव्हाळ वर्णाची आहे, आणि तिने घरात इतके सुख दिले आहे की, आमच्या जाहिरातीत पहिला शब्द कोणता होता, हे आम्ही साफ विसरून गेलो होतो. अक्का विसरली नव्हती. तेरा वर्षे ती दर भाऊबीजेस येत होती, आम्हांस ओवाळीत होती आणि त्याविषयी एक अक्षर बोलली नव्हती.

आम्ही तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, "मला नको. घरात अजून मुली आहेत." आणि मग तिच्या नेहमीच्या तिरकस स्वरात म्हणाली, "देव्हाऱ्यातला विठोबा काळा चालतो तुम्हांला. तो पोहे घेऊन पुढे येत नाही म्हणून."

त्या दिवसापासून या विषयाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. आपल्या देशात 'फेअर अँड लव्हली' हा मलम १९७५ साली आला. २०२० साली त्याच्या नावातील गोरेपणाचा शब्द काढून 'ग्लो', म्हणजे तेज, हा शब्द घालण्यात आला. शब्द सुधारला हे चांगलेच झाले. परंतु घरोघरच्या मनांतील शब्द कोण बदलणार? २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांत आलेली अकोल्याची हकीगत वाचकांस स्मरत असेल. एकाच घरातील मायलेकी अशा तिघींनी स्थानिक बनावटीचा गोरे करणारा मलम वापरला आणि तिघींच्याही मूत्रपिंडांस अपाय झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा मलमात पारा निघाला. प्रसाधनात पाऱ्याची संयुगे घालण्यास कायद्याने बंदी आहे. आमच्या घरी लिंबे होती, तिघींच्या घरी पारा आला. हौसेचे मूळ दोन्हीकडे एकच.

आणि रंग म्हणजे तरी काय? आमच्या शाळेतील विज्ञानशिक्षक मुलांस सांगत, ते आम्ही खिडकीतून ऐकले आहे. रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी गोऱ्या व काळ्या माणसांत संख्येने जवळजवळ सारख्याच असतात. त्या द्रव्य किती व कसे निर्माण करतात, एवढाच भेद. ते द्रव्य उन्हापासून त्वचेचे रक्षण करते. नगर जिल्ह्याच्या उन्हात ज्यास ते अधिक मिळाले, त्यास देवाने छत्री देऊन धाडले आहे. ती छत्री फाडण्यासाठी आम्ही लिंबे पिळीत होतो.

याचा अर्थ त्वचेची निगा राखू नये असा नव्हे. नगरच्या कोरड्या थंडीत टाचा फुटतात, ओठ उलतात, गाल तडतडतात. त्यांस स्निग्ध पदार्थ हवाच. ज्यास परवडेल त्याने पेटी घ्यावी, ज्यास परवडणार नाही त्याने खोबरेल घ्यावे. दोन्हींनी त्वचा मऊ होईल. कोणत्याही एका डबीने जन्माचा वर्ण पालटणार नाही, आणि जी पालटविण्याचे वचन देते तिला दुरूनच नमस्कार करावा.

भाऊबीजेच्या रात्री कुटुंबाने एक गोष्ट केली, ती आम्हांस सुचली नसती. पेटीतील महागाचा मलम तिने उघडला, कोपराची दोन दिवसांची परीक्षा होईपर्यंत तो अक्काच्या गालांस न लावता केवळ दंडास लावला, आणि अक्काच्या फुटलेल्या टाचांसाठी आम्हांस तूप धुण्यास बसविले. शतधौत घृताची कृती अनेक भगिनी विचारतील, म्हणून येथे देतो. तांब्याच्या ताटात पाव वाटी गाईचे साजूक तूप घ्यावे. तितकेच गार पाणी घालून तांब्याच्या तळाने अथवा तळहाताने गोल फेटावे. पाणी ओतून नवे घालावे. असे शंभर वेळा करावे. दोन-तीन तास लागतात. तूप हळूहळू पांढरे व लोण्याहून मऊ होते. हे पोटात घ्यावयाचे नाही. त्यात पाण्याचा अंश राहतो, म्हणून थोडेच करावे व थंड जागी ठेवावे. भाजलेल्या अथवा चिघळलेल्या जागी डॉक्टरांस विचारल्याविना लावू नये.

पाणी बदलल्याचा आकडा आम्ही पाटीवर मांडीत होतो. साठाव्या वेळी हात भरून आला, तरी अक्कासमोर थांबण्याचे धैर्य झाले नाही. तिसऱ्या दिवशी दंडावर काही उठले नाही, असे पाहून कुटुंब म्हणाली, "वन्सं, आता गालांना लावू?" अक्का क्षणभर घुटमळली. मग चष्मा काढून तिने डोळे मिटले. त्रेपन्न वर्षांनी तिच्या तोंडास कोणी काही लावीत होते आणि दुसऱ्या दिवशी कोणी पाहण्यास येणार नव्हते.

आमच्या नातीचे वय आज अकरा आहे. वर्णाने ती अक्कावर गेली आहे. म्हणून या मासिकाच्या वाचकांस आमची एकच विनंती. वधू-वर सूचक पानासाठी मजकूर लिहावयास बसाल तेव्हा पहिला शब्द कोणता लिहितो आहोत, तो थांबून पाहावा. आम्ही थांबलो नव्हतो.

अक्का परत निघाली तेव्हा तुपाची डबी तिने पिशवीत घातली. पेटी मात्र कुटुंबाकडेच ठेवून गेली. जाताना म्हणाली, "संपली की दुसरी मागव. पण ते अक्षर खरवडून टाक."

कुटुंबाने ते त्याच संध्याकाळी टाचणीने खरवडून टाकले.